कोऱ्या पेनाचं वजन

"या पेनाने कुणीतरी लिहिलंय," दंतवैद्य म्हणाले. ज्या सुरात ते 'ही दाढ काढावी लागेल' म्हणतात त्याच सुरात म्हणाले, त्यामुळे माझा हात आपोआप गालाकडे गेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या माडीवर आम्ही जुनी शाईची पेनं जमवणारी आठ माणसं एकत्र येतो, एकमेकांची पेनं बघतो, 'वा' म्हणतो आणि जिना उतरताना मनात म्हणतो, आपलंच बरं. त्या दिवशी मामला गंभीर होता. तीन आठवड्यांवर आमचं प्रदर्शन आलेलं आणि मधल्या काचेच्या पेटीत, एकट्याने, माझं हिरवं पेन बसणार होतं. हिरव्या अंगावर काळ्या लाटा, सोनेरी निब, मूळ डबी, दुकानदाराने अंगावर चिकटवलेली कागदाची पट्टीसुद्धा शाबूत. एक स्टेशनरीचं दुकान कायमचं बंद होताना त्याच्या खालच्या खणात मला ते सापडलं होतं. साठ-सत्तर वर्षांचं वय आणि शाईचा एक थेंब पोटात गेलेला नाही. आमच्या भाषेत कोरं. कोरं पेन मिळणं म्हणजे सुनेला गप्प सासू मिळण्यासारखं आहे. ऐकून सगळ्यांना माहीत, पाहिलेलं कुणी नाही. अकरा वर्षं मी त्याची गोष्ट सांगत होतो आणि अकरा वर्षं सातजण सुस्कारे टाकत होते. "काहीतरीच काय, डॉक्टर," मी म्हणालो. "काहीतरीच नाही, निरीक्षकसाहेब. फटीत निळं आहे. आणि हे टोक बघा. आपण उजवे लोक निब ओढत नेतो, ही ढकलत नेलेली आहे. डावखुरा माणूस. नवशिका. दाबून लिहितो." त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "माणूस कुठल्या बाजूने चावतो ते मी बघताक्षणी सांगतो, त्यातलंच हे." बाकीच्यांना माझ्याबद्दल अतिशय वाईट वाटलं. मी त्यांना इतकं ताजंतवानं कधी पाहिलं नव्हतं.

घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा आहे, त्या दिवशी तो चाळीस मिनिटांचा झाला, कारण डबी खिशात होती आणि मी तिच्याकडे पाहायला दर कोपऱ्यावर थांबत होतो. मी वजनमापे निरीक्षक होतो. चौतीस वर्षं लोकांचे तराजू उचलून पाहण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, बूड ठोकून वर उचललेलं माप, सगळं मला दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. पाच ग्रॅम कुठे गेले ते मी दुकानदाराच्या मानेवरून सांगायचो. दूधवाल्याचं माप मात्र काठोकाठ भरलं की मी शिक्का मारून मोकळा. गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो साहेब, यात अर्धं पाणी आहे!" मी सांगायचो, "माप पूर्ण आहे. पाणी बघणं आमच्या खात्याकडे नाही." हे मी इतक्या वेळा आणि इतक्या गांभीर्याने सांगितलं की निवृत्तीच्या समारंभात आमच्या शिपायाने ते माझं सुभाषित म्हणून वाचून दाखवलं. तर असा मी, आणि माझ्या नाकाखाली, माझ्याच कपाटात कुणीतरी लिहीत होतं. घरात आम्ही दोघंच. मुलगी लांब असते, वर्षातून एकदा येते आणि सगळं फोनवर टाइप करते. मी उजवा. आणि बायको, जिला मी बाई म्हणतो कारण सगळा गाव तिला बाई म्हणतो, ती बालवर्गाला तीस वर्षं अक्षरं शिकवून निवृत्त झालेली. उजव्या हाताचं तिचं अक्षर असं की वाणसामानाची यादी मानपत्रासारखी दिसावी. प्रदर्शनातल्या पेनांची कार्डंसुद्धा दर वर्षी तीच लिहिते. तेव्हा मी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा संशय घेतला. तो मला दिसूही लागला. मोरीत पान्हा ठेवून, हात पुसून, माझ्या कपाटाशी बसलेला, काहीतरी हृदय पिळवटून टाकणारं लिहीत असलेला. कोपऱ्यावर आलो तेव्हा आठवलं की तो आल्याला दोन वर्षं झाली आणि नळ अजून गळतो आहे.

कपाटात माझी एकशे बारा पेनं मऊ कापडाच्या खोबणीत झोपलेली असतात, सगळ्यांच्या टोपणाच्या पट्ट्या उजवीकडे. हिरवं मात्र गेले काही महिने मला डाव्या कुशीवर दिसायचं. मी ते सरळ करून ठेवायचो. आठवड्यात पुन्हा डावीकडे. मी विचार करून कारण शोधलं होतं. रस्त्यावरून अवजड वाहनं जातात, हादरा बसतो. मी नगरपालिकेला तसा अर्जही केला, की आपल्या रस्त्यावरील वाहतुकीमुळे माझं एक पेन वारंवार कूस बदलतं, तरी योग्य ती कारवाई व्हावी. उत्तर आलं नाही, तेव्हा मी नगरपालिकेला नावं ठेवली. आता खोबणीपुढे उभं राहून मी त्या पेनाकडे बघत होतो. दुसरीही एक गोष्ट आठवली. बाईच्या डाव्या तळहाताच्या कडेला, करंगळीखाली, एक निळसर डाग दिसायचा. मी म्हणालो होतो, "शिरा दिसायला लागल्या तुझ्या. डॉक्टरांना दाखव." ती म्हणाली होती, "दाखवलं. म्हणाले, धुतलं की जाईल." आणि मी समाधानाने पेपर उघडला होता.

दुपारी जेवताना मी तिच्या हातांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत माणूस बायकोच्या हातांकडे पाहत नाही. हात जे पुढे करतात त्याच्याकडे पाहतो. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, तिने डबा उजव्या हातात धरला आणि ते डाव्याने फिरवलं. डास आला, डाव्याने मारला. पत्ते वाटताना? डाव्याने वाटते. कुलपात किल्ली? डाव्याने. मुलगी तान्ही असताना तिला थोपटायचा तो हात डावा. मला सगळं आठवत होतं, म्हणजे मी सगळं पाहिलं होतं, फक्त नोंद केली नव्हती. "काय बघताय?" ती म्हणाली. "काही नाही. मीठ बरोबर आहे." "मीठ घातलेलंच नाही अजून," ती म्हणाली आणि डाव्या हाताने बरणी माझ्याकडे सरकवली. तिच्या मागे भिंतीवर तिचा लहानपणचा फोटो आहे, आत्याजवळ उभी असतानाचा. आई लवकर गेली म्हणून आत्याने वाढवलेली. सहा वर्षांची, नाक वर, आणि झग्याची डावी बाही उजवीपेक्षा वीतभर लांब, खाली बंद. मला ती त्या काळची फॅशन वाटायची. लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं होतं, तर ती हसत म्हणाली होती, "आत्याने शिवून टाकली होती बाही. हात बाहेर येऊ नये म्हणून." मीही हसलो होतो. ती हसते आहे तर आपणही हसावं, अशी माझी समजूत. का शिवली हे विचारलं नव्हतं. आणि मग एक गृहस्थ आठवले, तावातावाने घरी आलेले, तुमच्या बाई माझ्या मुलीला डाव्या हाताने लिहू देतात, पुढच्या शाळेत काय म्हणतील, म्हणून. ते गेल्यावर मी बाईला म्हणालो होतो, "कशाला नसती भांडणं ओढवून घेतेस? उजव्याने शिकव आणि मोकळी हो." ती फडक्याने टेबल पुसत राहिली, आधीच स्वच्छ असलेलं. त्या वेळी माप भरलेलं दिसलं, मी शिक्का मारला.

सरळ विचारता आलं असतं. पण विचारून काय उत्तर येईल याची मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी वजन करतो. निवृत्त होताना मी एक बारीक ताजवा घेतला होता, सोनाराकडे असतो तसा, एक दशांश ग्रॅम दाखवणारा. कपाटाच्या खालच्या कप्प्यात निळ्या शाईची एकच बाटली असते. मी सोमवारी सकाळी तिचं वजन केलं, संध्याकाळी केलं. फरक नाही. मंगळवारी मी सकाळी वाचनालयात जातो. परत आल्यावर बाटली चार दशांशाने हलकी. बुधवार-गुरुवार स्थिर. शुक्रवारी पुन्हा वाचनालय, पुन्हा चार दशांश. एखाद्या नवऱ्याला अत्तराचा वास लागतो, एखाद्याला चिठ्ठी सापडते. मला चार दशांश ग्रॅम सापडले. आठवड्यातून दोनदा, मी घराबाहेर पडलो की माझी बायको कुणाला तरी लिहीत होती. काय लिहीत असेल? चाळीस वर्षांत माझ्याविषयी बरंच साठलं असणार. आणि लिहिण्याजोगं माणसाजवळ एवढं असतं? माझ्याजवळ एकशे बारा पेनं आहेत आणि मी त्या सगळ्यांनी एकच वाक्य लिहितो, पेन तपासायला: 'आज हवा स्वच्छ आहे.' वहीभर तेच. मुसळधार पाऊस पडत असतानाही तेच. पुढच्या मंगळवारी तर विपरीतच घडलं. परत येऊन बाटली ताजव्यावर ठेवली आणि ती दोन ग्रॅम जड निघाली. मी पुसून पुन्हा ठेवली. दोन ग्रॅम जड. चौतीस वर्षांत मी माल घटताना पाहिला होता, वाढताना कधीच नाही. वाढीव मालावर काय कारवाई करायची याचं कलमच आमच्या नियमात नव्हतं. त्या दुपारी मला झोप लागली नाही, म्हणजे चारच्या पुढे लागली नाही.

शुक्रवारी मी अचानक तपासणी केली. वाचनालयापर्यंत गेलो, फाटकाला हात लावला आणि परत फिरलो. आमच्या मजल्यावरच्या गॅलरीतून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. मी पाय न वाजवता आलो, तपासणीला जाताना जायचो तसा, आणि भिंतीला टेकून आत पाहिलं. ती टेबलाशी बसली होती. पुढे वही, वहीला आडव्या रेघा, कागद इतका तिरका ठेवलेला की मेजावरून पडेल असं वाटावं. डाव्या हातात माझं हिरवं पेन, पकड इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी झालेली, आणि अंगठा त्या कागदाच्या पट्टीला लागू नये म्हणून वर धरलेला. तोंडाच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर आली होती. तीस वर्षं तिने पोरांना सांगितलं असणार, जीभ आत घ्या. एक अक्षर काढायची, थांबायची, डोकं मागे नेऊन बघायची. लिहिलेल्यावरून तळहात पुढे सरकला की शाई फिसकटायची, की ती स्वतःशी "च्च" करायची. निब कुरकुरत होती, मला खिडकीबाहेर ऐकू येत होती. मी ज्या हातांना ओळखत होतो त्यांतला हा नव्हता. हा हात सहा वर्षांचा होता. इतर सगळी बाई मोठी झाली, शिकली, माझ्याशी लग्न केलं, आजारपणं काढली, पोरीला सासरी धाडलं, आणि हा एकटा पहिलीच्या वर्गात, शिवलेल्या बाहीत बसून राहिला होता. मला एकदम फार आनंद झाला. का, ते नीट सांगता येत नाही. जो माणूस दुसऱ्या कुणाला लिहितो आहे असं वाटलं होतं तो मुळात अजून लिहायलाच शिकत होता, म्हणून सुटल्यासारखं वाटलं असेल. पण तेवढंच नव्हतं. मी पाय न वाजवता जिना उतरलो, खाली दोनदा खोकलो, तिसऱ्यांदा शिंकलो आणि प्रत्येक पायरीवर चप्पल आपटत वर आलो. दार उघडलं तेव्हा टेबलावर निवडायची भाजी होती. "लवकर आलात?" "वाचनालय बंद होतं." "शुक्रवारी?" "साफसफाई," मी म्हणालो. ती हात पदराखाली घेऊन म्हणाली, "बरं झालं. एकदा व्हायलाच हवी होती."

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेल्यावर मी कपाटातला टिपकागद काढून आरशापुढे धरला. वही शोधली नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. टिपकागदावर उलटं उमटलेलं आरशात सुलटं झालं, वेडंवाकडं, रेघेवरून उड्या मारणारं, बालवर्गाचं अक्षर: 'आत्या, बघ.' खाली पुन्हा, 'आत्या, बघ.' सगळा कागदभर. आत्या जाऊन तीस वर्षं झाली. मी टिपकागद जागेवर ठेवला, पेन डबीत घातलं आणि दंतवैद्यांच्या दवाखान्यात गेलो. निबा घासून द्यायचं काम आमच्यात तेच करतात, दाढा गुळगुळीत करायच्या यंत्राने, रोग्यांच्या मधल्या वेळात. मी थेट खुर्चीत बसलो. "कुठली दुखतेय?" त्यांनी विचारलं. मी पेन पुढे केलं. "ही निब डाव्या हाताला बेतून घासा. ढकलून लिहिणाऱ्याला कुरकुरता कामा नये." त्यांनी पेन उजेडात धरलं. "निरीक्षकसाहेब, मी त्या दिवशी बोललो, पण फटीतलं निळं मी काढून देऊ शकतो. टोकालाही जरा झिलई देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही. पुन्हा कोरंच." मान्य करायला हवं, मला मोह झाला. मधली काचेची पेटी दिसली, सातजणांचे सुस्कारे ऐकू आले, अकरा वर्षांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगता आली असती. खरं तर आम्ही जमवणारी माणसं आणखी काय करतो? लिहायला निघालेल्या वस्तूंची बाही शिवून ठेवतो. "घासा," मी म्हणालो. "मग हे आयुष्यात कधी कोरं म्हणून मांडता येणार नाही." "घासा हो." "दुखलं तर सांगा," ते सवयीने म्हणाले, यंत्र सुरू झालं, आणि मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

घरी येऊन पेन खोबणीत ठेवलं, टोपणाची पट्टी डावीकडे करून. शनिवार गेला, रविवार गेला. मंगळवारी मी वाचनालयात पूर्ण दोन तास बसलो आणि एकाच पानावर बसलो. बाटलीचं वजन मी आता करत नव्हतो. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास, मी कोरी कार्डं तिच्यापुढे ठेवली. "एवढी लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे."

"कुठल्या हाताचं?" ती म्हणाली.

मी चष्मा पुसू लागलो. तपासणीला आलेला निरीक्षक पाहून दुकानदार काटा पुसू लागतो तसा.

"त्या दिवशी खिडकीत तुमचं टक्कल चमकत होतं," ती म्हणाली. "मी मुद्दाम 'क्ष' काढला, म्हटलं, बघताय तर अवघड अक्षर बघा. आणि ते शाईच्या बाटलीचं वजन करणं सोडा आता. ताजव्यावर रोज निळं वर्तुळ उमटतं, ते मला पुसावं लागतं. शेवटी तुमची दया येऊन मी पाणी घातलं बाटलीत. म्हटलं, वजन भरलं की यांच्या जिवाला बरं वाटेल."

"दोन ग्रॅम जास्त घातलंस."

"अंदाजाने घातलं. मी काय खात्यात होते?"

मला हसू आवरेना, पण एक प्रश्न राहिला होता आणि तो जमवणाऱ्याचा होता, नवऱ्याचा नव्हे. निदान मी तसा आव आणला. "एकशे बारा होती. नेमकं तेच का घेतलंस? बाकी कुठलंही चाललं असतं."

तिने डावीकडे वळून कपाटातून हिरवं पेन काढलं. "सगळी वापरून पाहिली मी. सगळ्यांना कुणाच्या ना कुणाच्या उजव्या हाताची सवय लागलेली आहे. हट्ट करतात. हे एकच होतं, ज्याला अजून कुणी काही शिकवलं नव्हतं." मग टोपण उघडत म्हणाली, "हल्ली कुरकुरत नाही. कुणी मारलं की काय त्याला?" "समजावून सांगितलं," मी म्हणालो. ती काही वेळ निबेकडेच पाहत होती. "अहो," ती म्हणाली आणि कार्डं पुढे ओढली. या वेळी मी नोंद केली. एकशे अकरा कार्डं तिने उजव्या हाताने लिहिली, मानपत्रासारखी. मग कार्ड फिरवून तिरकं केलं, पेन डाव्या हातात घेतलं, आणि एकशे बारावं लिहायला तिला तेवढाच वेळ लागला. जीभ बाहेर आली तेव्हा मी सांगितलं, जीभ आत. "गप्प बसा," ती म्हणाली, "लिहिताना बोलायचं नसतं."

प्रदर्शनाला ती आली नाही. "मला लिहायचं आहे," म्हणाली, जसं इतर लोक 'मला बँकेत जायचं आहे' म्हणतात. मधली काचेची पेटी मी ठरल्याप्रमाणे मांडली: मखमल, मखमलीत पेनाच्या आकाराची खोबण, खोबण रिकामी. पुढे कार्ड. वेडीवाकडी तीन शब्दांची एक ओळ, शेवटचं अक्षर तळहाताने फिसकटलेलं: 'पेन वापरात आहे.' सातजण येऊन उभे राहिले. सुस्कारा टाकावा की नाही हे त्यांना ठरवता येईना. दंतवैद्यांनी वाकून भिंग लावलं, कार्ड इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"निब झकास चालतेय," ते म्हणाले. "पण साहेब, शाई फिकी आहे हो. यात पाणी आहे."

"माप पूर्ण आहे," मी म्हणालो. "पाणी बघणं आमच्या खात्याकडे नाही."